सोन्याचा हिशेब ठेवणाऱ्यांस

प्रति,
केंद्रीय खाण मंत्री आणि केंद्रीय श्रम मंत्री, नवी दिल्ली,
महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो,
कर्नाटक शासनाचे खाणखाते सांभाळणारे मंत्री,
आणि महाराष्ट्रातील सराफ-सुवर्णकार संघटनांचे पदाधिकारी यांस,



हे पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून लिहितो आहे. एकेकट्याला लिहिले की काय उत्तर येणार ते सरकारी टपाल पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे: सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. खाणवाले कामगाराच्या छातीचे श्रमखात्याकडे ढकलणार, श्रमखाते राज्याकडे, मानक ब्यूरो म्हणणार आम्ही फक्त धातू तपासतो, आणि सराफ म्हणणार, साहेब, आम्ही तर तयार बिस्कीट विकत घेतो. यातले प्रत्येक उत्तर आपापल्या जागी खरेही असेल. म्हणून तुम्हाला एकाच ओळीत उभे केले आहे.

आधी तुमचे कौतुक करतो, आणि ते मनापासून आहे. दागिन्याच्या शुद्धतेचा शिक्का या देशात २००० साली आला, तेव्हा तो ऐच्छिक होता. १६ जून २०२१ पासून तुम्ही तो २५६ जिल्ह्यांत सक्तीचा केला. १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अक्षरे-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ब्यूरोचे चिन्ह, २२ कॅरेट ९१६ आणि तो क्रमांक, अशा तीन खुणा भिंगातून दिसतात. क्रमांक मोबाइलमध्ये टाकला की दागिना कुठल्या सराफाचा, कुठल्या केंद्रात तपासला, सगळे समोर येते. सोनाराच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या फसलेल्या गिऱ्हाइकाला याची किंमत कळते. मोडीला नेल्यावर ‘यात तूट फार निघाली’ हे वाक्य आमच्या आज्यांनी किती वेळा निमूट ऐकले असेल.

पण मग एक गोष्ट समजत नाही. तीन ग्रॅमच्या अंगठीला स्वतःची ओळख देता येते. ते सोने खणणाऱ्याच्या, गाळणाऱ्याच्या आणि त्याला डाग देऊन जोडणाऱ्याच्या फुप्फुसांची मात्र तुमच्यापैकी एकाच्याही दप्तरात ओळीने नोंद नाही. ही तांत्रिक अडचण आहे असे मी मानत नाही. ठरवले तर काय काय मोजता येते, ते तुम्हीच दाखवून दिले आहे.

कोलारपासून सुरुवात करू, कारण तिथे मालक सरकारच होते.

‘केजीएफ’, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, म्हटले की हल्ली लोकांच्या डोळ्यांसमोर अभिनेता यश हातोडा घेऊन उभा राहतो. त्या चित्रपटाने धंदा बक्कळ केला, पण कोलारच्या खाणकामगाराला त्यात स्वतःचे काही सापडले असेल असे वाटत नाही. २०२४ साली पा. रंजित यांच्या ‘तंगलान’ने खणणाऱ्यांच्या बाजूने गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, तोही इंग्रजांच्या काळात जाऊन. मी बोलतो आहे ती खाण २८ फेब्रुवारी २००१ पर्यंत चालू होती. तिच्या फाटकावर भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही पाटी होती आणि त्या कंपनीचा मालक भारत सरकार होता. तिथे शेवटच्या पाळीला उतरलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांना शोधायला बंगळूरहून लोकलने जाता येते.

लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स कंपनीने १८८० साली या खाणी हाती घेतल्या. पैसा एवढा होता, की १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून इथे वीज आणली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी. साहेबांसाठी बंगले, क्लब, गोल्फचे मैदान झाले, त्या भागाला ‘लिटल इंग्लंड’ म्हणत. खाली उतरणारे बहुतेक जण आर्काट, सेलम, चित्तूरकडून आलेले, तमिळ बोलणारे, आणि जातीने अस्पृश्य मानलेले. ते राहायचे एका खोलीच्या झोपड्यांच्या रांगांत, म्हणजे ‘लाइन’मध्ये. याच खाणींच्या भागातल्या मारिकुप्पमच्या कामगारांमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंडित अयोती दास यांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा उभी राहिली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ अर्धशतक आधीची ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणी सांगत नाही. जमिनीखाली माणूस म्हणून मान नव्हता, तो वर येऊन त्यांनी स्वतः शोधला.

चॅम्पियन रीफची खाण शेवटी तीन किलोमीटरहून खोल गेली. त्या तळाशी खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर असते. वरून थंड हवा सोडायची, तरी माणूस अर्ध्या पाळीत घामाने रिकामा व्हायचा. खडक काढून घेतला की भोवतीच्या दगडावरचा दाब एकदम मोकळा होतो आणि भिंत सुरुंग न लावता फुटते. याला तिथे ‘रॉकबर्स्ट’ म्हणत. वर गावातल्या भांड्यांनाही त्याचा हादरा कळायचा, आणि पाळीवर कोण आहे ते आठवत बायका दाराशी यायच्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली याच खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणे लावून वातावरणातले न्यूट्रिनो टिपले. एवढ्या खडकाखाली बाकी किरणांचा गोंगाट पोहोचत नाही, म्हणून त्यांनी ही जागा निवडली. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक. कुलाब्याच्या त्या संस्थेत ही आठवण अभिमानाने जपली जाते, आणि जपावीच. मात्र ज्या पिंजऱ्यातून शास्त्रज्ञ खाली गेले, त्याच पिंजऱ्यातून उतरणाऱ्या माणसाच्या छातीत काय साचत होते, ते बघायला न्यूट्रिनोएवढे सूक्ष्म उपकरण लागत नव्हते. साधा एक्स-रे पुरेसा होता.

आणि तो काढलाही होता. १९४० च्या दशकात कोलारच्या साडेसात हजारांवर कामगारांची तपासणी झाली, तेव्हा शंभरातल्या चाळिसांहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत भारतातल्या सिलिकोसिसची पहिली नोंद म्हणून अजून कोलारचेच नाव छापतात. इथले सोने गारेच्या शिरांत अडकलेले असते. गार फोडली, भोके पाडली, सुरुंग उडवला, की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. ती फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते आणि तिथे व्रण करून बसते. व्रण वाढत जातात. खाण सोडली तरी वाढतात, उपचार कुठला नाही, आणि अशा छातीला क्षय फार लवकर धरतो. एवढी पक्की माहिती हातात असताना त्यानंतर अर्धशतकभर खाण चालली. त्यातली चव्वेचाळीस वर्षे सरकारच्या मालकीची: १९५६ मध्ये म्हैसूर राज्याने ती घेतली, १९६२ मध्ये केंद्राने, आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्सची स्थापना झाली.

नोंद ठेवण्याची कला तेव्हा नव्हती असेही कुणी म्हणू नये. सोन्याची चोरी रोखण्यासाठी म्हैसूर संस्थानाने खास कायदा केला होता. कच्चे सोने अंगावर सापडले तर ते कुठून आणले हे त्या माणसाने सिद्ध करायचे. १९३० साली कंपनीने प्रत्येक कामगाराच्या अंगठ्याचे ठसे सक्तीने घ्यायचे ठरवले, त्याविरुद्ध हजारो कामगारांनी सुमारे तीन आठवडे खाणी बंद पाडल्या. म्हणजे बघा, बोटाचा ठसा घ्यायला यंत्रणा होती, फाटकावर झडती घ्यायला माणसे होती. सोने बाहेर जाऊ नये याची व्यवस्था शंभर वर्षांपूर्वीच चोख होती.

सव्वाशे वर्षांत या खाणींतून सुमारे आठशे टन सोने निघाले. आकडा मोठा वाटतो. आजचा भारत एका वर्षात साधारण सातशे-आठशे टन सोने आयात करतो. चार-पाच पिढ्यांच्या छातीतून निघालेले सोने आपण आता एका दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत संपवतो, आणि २०२५ मध्ये तोळ्याने लाखाची पायरी ओलांडल्यावरही रांग मोडली नाही.

खाण बंद झाली त्याचे कारण सरळ होते. सुरुवातीला टनामागे चाळीस ग्रॅमच्या वर सोने मिळायचे, शेवटी तीन-चार ग्रॅमवर आले. तोट्यातली खाण बंद करण्यात माझ्या मते गैर काही नव्हते. गैर झाले ते नंतर. कामगारांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले आणि खाणीसोबत त्यांच्या छातीचे दप्तरही मिटले. आता मारिकुप्पमहून पहाटे भरून निघणाऱ्या गाड्यांतून त्यांची मुले-नातवंडे बंगळूरला झाडलोट, पहारा, बांधकाम, नशीब असेल तर कचेरीतले काम करायला जातात आणि रात्री परततात.

मागे राहिल्या त्या टेकड्या. गार दळून, सायनाइडमध्ये सोने विरघळवून उरलेला चोथा शंभर वर्षे जिथे ओतला, तिथे आज राखी रंगाचे तेरा डोंगर उभे आहेत. लोक त्यांना सायनाइडचे डोंगरच म्हणतात. चित्रपटवाल्यांना ते फार आवडतात. उन्हाळ्यात वारा सुटला की त्यांची भुकटी घराघरांत येते, आणि भुकटी म्हणजे तीच बारीक दळलेली गार. खाणीत कधीच न उतरलेली आजीसुद्धा ती हुंगते. या डोंगरांत सुमारे ३ कोटी ३० लाख टन माल आहे आणि त्यात अजून थोडे सोने उरले आहे, हे तुम्हाला नेमके ठाऊक आहे. म्हणूनच जून २०२४ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने सुमारे एक हजार एकरांवरच्या या तेरा डोंगरांवर पुन्हा काम करायला संमती दिली. म्हणजे चोथ्यात टनामागे ग्रॅमभर सोने असेल तेही मोजून झाले, आणि त्याच गल्लीत खोकणारी माणसे किती, हे मोजायचे राहूनच गेले.

मंत्रिमहोदय, हे करता येत नाही असे सांगू नका. राजस्थानने २०१९ साली धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगांसाठी धोरण केले. वालुकाश्माच्या खाणीत राबलेल्या माणसाला सिलिकोसिसचा दाखला मिळाला की तीन लाख रुपये, त्याच्या मृत्यूनंतर घरच्यांना आणखी दोन लाख, आणि पेन्शन. दाखल्यात वशिले, दलाल, खोटे एक्स-रे सगळे होते असे म्हणतात, असेल. पण दाखला नावाची वस्तू तिथे आहे. आणि दक्षिण आफ्रिकेत? तिथल्या सोन्याच्या खाणकामगारांनी कोर्टात एकत्रित दावा लावला, २०१६ मध्ये न्यायालयाने तो दाखल करून घेतला, २०१८ मध्ये सहा बड्या कंपन्यांनी पाच अब्ज रँडची तडजोड मान्य केली. १९६५ पासून पुढे खाली उतरलेल्या माणसांना आणि त्यांच्या विधवांना त्यातून भरपाई मिळते आहे. तिथे प्रतिवादी खासगी कंपन्या होत्या. आपल्याकडे प्रतिवादी आपणच निवडून दिलेले सरकार आहे. त्याला कोर्टात खेचावे लागू नये, एवढीच अपेक्षा.

आता जरा घरचे सांगतो. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा. विटा, खानापूर, आटपाडी हा पट्टा पावसाच्या नावाने कायमचा रुसलेला. ज्वारी-बाजरीवर पोट भरेना तेव्हा आमची माणसे गलाईचा धंदा शिकली आणि देशभर पसरली. त्रिशूर, कोइमतूर, कोलकाता, अमृतसर, गुवाहाटी, कुठल्याही सराफबाजाराच्या मागच्या बोळात जा आणि मराठीत हाक मारा, कुणीतरी ओ देईल. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातले तांबे-चांदी वेगळे काढून निखळ सोने परत द्यायचे, हा तो धंदा. दुष्काळी गावांत आज जे दुमजली बंगले दिसतात, त्यांचा पाया या धंद्याने घातला. तेव्हा हा धंदा वाईट असे मी म्हणणार नाही, म्हटले तर गावात पाय ठेवता येणार नाही.

माझे थोरले चुलते उभी हयात केरळात गलाईत होते. जत्रेला यायचे तेव्हा त्यांच्या बोटांची कातडी पिवळी दिसायची आणि आम्हा पोरांना वाटायचे, सोने लागून लागून ती तशी झाली. ते नायट्रिक ॲसिडचे डाग होते. मोडीचे सोने मुशीत वितळवायचे, त्यात तिप्पट चांदी मिसळायची, पाण्यात ओतून बारीक दाणे करायचे आणि ते ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी आणि तांबे विरघळून जाते, तळाला तपकिरी भुकटी राहते. धुऊन, टाकणखार घालून ती पुन्हा मुशीत घातली की पिवळे धमक सोने. उकळताना वर येतो तो विटकरी रंगाचा धूर, नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा कावा असा, की कामाच्या वेळी थोडे चुरचुरते, खोकला येतो, माणूस पाणी पिऊन पुढे चालू ठेवतो, आणि रात्री काही तासांनी छातीत पाणी भरू लागते. दहा बाय दहाची खोली, माळ्यावर अंथरूण, धूर जायला भिंतीत एक भोक. चुलत्यांच्या पिढीत बहुतेकांची खोली अशीच होती, आणि आज सगळ्यांची बदलली आहे असे छातीठोकपणे कुणी सांगावे.

या खोल्यांवर तुमचा कायदा चालत नाही, ही गंमत श्रम मंत्र्यांना निराळी सांगायला नको. विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले तर कारखाना कायदा लागायचा. नव्या संहितेत तो आकडा वीस झाला. कर्मचारी राज्य विमा योजनेला एरवी दहा माणसे लागतात. गलाईच्या खोलीत असतात दोन, तीन, फार तर चार. कायद्याला गलाईवाला दिसतो तो एकाच कलमात: चोरीचा माल घेतल्याच्या. चार राज्यांपलीकडचे पोलीस येतात, कुणा चोराने नाव घेतले म्हणून याला उचलतात, आणि सोने ‘वसूल’ करतात. सोन्यासाठी माणूस शोधून काढणे जमते, हे त्यातूनही सिद्ध होतेच.

मुंबईचे चित्र वेगळे नाही, फक्त दाट आहे. झवेरी बाजार-काळबादेवीच्या माळ्यांवर बसून दागिना घडवतात ते बहुतांशी बंगालमधून आलेले कारागीर. रहिवाशांच्या तक्रारींवरून महापालिकेने तिथल्या अनधिकृत धुराड्यांवर कारवाई केली. रहिवाशांची तक्रार रास्तच होती. पण धुराडे पाडल्याने ॲसिड उकळायचे थांबत नाही, तेव्हा धूर जातो कुठे, असा साधा प्रश्न कारवाईच्या बातम्यांत कुठे वाचल्याचे आठवत नाही. त्याच बाजाराच्या गटारांशी झारेकरी बसलेले असतात, सराफांच्या उंबऱ्यातली धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण वेचत. कण वाया जाऊ न देण्याची आपली परंपरा मोठी आहे.

सराफ मंडळी, आता तुमच्याकडे वळतो, आणि एका जुन्या शब्दाची आठवण देतो: केडीएम. नव्वदच्या दशकात दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द मिरवायचा. ‘आमचे सर्व दागिने केडीएम’ असे लिहिले की गिऱ्हाईक आत येई. आधी दागिन्याला डाग देताना तांबे-चांदीचा सांधा वापरत, त्यामुळे मोडताना शुद्धता घटायची. मग सांध्यात कॅडमियम आले. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. फुंकणीची ज्योत लागली की ते सांधा जोडून वाफ होऊन उडून जाते, आणि दागिना जवळजवळ पूर्ण बावीस कॅरेट राहतो. गिऱ्हाईक खूश, सराफ खूश. उडून गेलेले कॅडमियम जात होते ते ज्योतीवर वाकलेल्या कारागिराच्या नाकात. त्याची वाफ फुप्फुसे जाळते, मूत्रपिंडे निकामी करते, आणि कर्करोगही करते, हे आता निर्विवाद आहे. पुढे मानक ब्यूरोने हॉलमार्कच्या दागिन्यांत कॅडमियमला मनाई केली, हे श्रेय त्यांचे. पण मधल्या वर्षांत आपण ज्याला शुद्धता म्हणून जास्तीचे पैसे मोजले, ती शुद्धता कारागिराच्या शरीरात मळ ओतून मिळवलेली होती. ही गोष्ट एकाही पेढीने आपल्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्या कारागिरांची पुढे कुणी तपासणी केली का? घडणावळ तुम्ही टक्क्यांत लावता, कित्येक हजार होते. त्यातून कारागिराच्या खोलीत धूर ओढून घेणारा एक पंखा आणि वर्षातून एकदा एक्स-रे बसत नाही असे गणित मला तरी मांडता येत नाही.

दिल्लीकरांना कारागीर आठवला तोही चुकीच्या वेळी. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिना घडवायला बंदी केली. चीनच्या युद्धानंतरचे दिवस होते, परकीय चलन वाचवायचे होते, हेतू समजण्यासारखा होता. लोकांची हौस सुटली नाही, ती चोरट्या सोन्याकडे वळली. सुटला तो सोनाराचा हातोडा. हजारो घरे बसली, कित्येकांनी आत्महत्या केल्या. हौसेला हात लावता येत नाही तेव्हा हात कारागिरावर पडतो. १९९० साली सुवर्ण नियंत्रण गेले. म्हणून पुढे जे मागतो आहे ते बंदीच्या वळणाने करू नका, ही विनंती आताच नोंदवून ठेवतो.

परदेशातून येणाऱ्या सोन्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तुमचा हात थेट पोहोचत नाही. थेट पोहोचत नाही, म्हणजे पोहोचतच नाही असे नव्हे. आपण स्वित्झर्लंड आणि अमिरातीतून तयार सोने घेतो, आणि आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतून अर्धशुद्ध लगडी आणून इथे गाळतो; अशा लगडींवर आयात शुल्कही जरा कमी आहे. २०१० साली नायजेरियाच्या झाम्फारा भागात बायका घरच्या अंगणात सोन्याचा खडक कुटत होत्या, त्या खडकात शिसे होते, आणि त्या धुळीने चारशेहून अधिक मुले दगावली. जगभरात दीड-दोन कोटी माणसे अशा छोट्या खाणींवर जगतात. हाताने पारा मिसळून सोने पकडायचे आणि पारा उडवून टाकायचा, ही त्यांची रीत. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत स्टिलफाँटेनला बंद पडलेल्या खाणीत चोरून उतरलेल्या माणसांना वर आणण्यासाठी पोलिसांनी अन्नपाणी रोखून धरले. जानेवारी २०२५ मध्ये अखेर बचावकार्य झाले तेव्हा २४६ जण जिवंत निघाले आणि ७८ मृतदेह. हे सोने कुठे जाते? वितळले की सोन्याला गाव राहत नाही. लंडनच्या बाजाराने २०१२ पासून गाळणाऱ्या कारखान्यांना उगमाची चौकशी करायला लावली आहे. ती पुरेशी नाही, तिच्यातून पळवाटा निघतात, तरी काही तरी आहे. आपण जगातल्या पहिल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने विचारले, तर दुकानदाराला उत्तर द्यावे लागते.

कुणी म्हणेल, मग सोने घेऊच नका. तसे मी म्हणत नाही आणि म्हटले तरी कुणी ऐकणार नाही. नवरा गेल्यावर, पाऊस गेल्यावर, पोराच्या फीची तारीख आल्यावर बाईच्या हाती तिचे म्हणून जे असते ते बहुतेक वेळा गळ्यातले दोन-तीन तोळेच. त्या भरवशाला नावे ठेवण्याचा अधिकार बँकेत ठेवी असलेल्या माणसाला नाही. पण हाच भरवसा तिला विकताना त्यामागची माणसे मोजायला काय हरकत आहे?

तेव्हा आता कामाचे. कर्नाटक सरकार आणि खाण मंत्रालयाने कोलारच्या डोंगरांची निविदा काढण्याआधी भारत गोल्ड माइन्सच्या प्रत्येक हयात कामगाराची छाती तपासावी. रॉबर्टसनपेट, अँडरसनपेट, चॅम्पियन रीफ, मारिकुप्पम, सगळे मिळून एका तालुक्याएवढाही पसारा नाही. एक्स-रेच्या दोन गाड्या आणि एक हंगाम पुरे. ज्याला रोग निघेल त्याला दाखला द्यावा आणि राजस्थानपेक्षा कमी नाही इतकी भरपाई. जो मेला त्याच्या घरच्यांकडून पुरावा मागू नये. कंपनीच्या रुग्णालयाचे दप्तर कुणाच्या ताब्यात आहे ते आधी सांगावे, पुरावा त्यातच असेल. डोंगर उकरायचेच असतील तर धूळ न उडवता, आणि निघालेल्या सोन्यातला ठरावीक हिस्सा या भरपाईला, अशी अट निविदेच्या पहिल्या पानावर हवी. शेवटच्या पानावरच्या अटींचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे.

श्रम मंत्रालयाने ॲसिड आणि ज्योत जिथे आहे तिथे माणसे मोजायची अट काढून टाकावी. दोन माणसांची खोली असली तरी तिला धूर ओढणारी व्यवस्था, नोंदणी आणि आरोग्यविमा लागू व्हावा, आणि त्याचा खर्च खोलीवाल्याच्या माथी न मारता दागिन्यावर बसवावा. मानक ब्यूरोने सराफाला परवाना देताना तो कुणाकडून गाळून आणि घडवून घेतो याची यादी मागावी, आणि जिथे धुराची सोय नाही तिथला माल हॉलमार्क केंद्राने घेऊ नये. त्या सहा अक्षरे-आकड्यांच्या क्रमांकामागे आणखी दोन रकाने सहज मावतील: सोने मोडीचे की खाणीतले, आणि गाळले कुठे. सुरुवातीला अर्ध्या दागिन्यांपुढे ‘माहिती नाही’ असे येईल. येऊ द्या. गिऱ्हाइकाला ते दिसू द्या.

सराफ संघटनांना माझे सांगणे एवढेच, की हे नियम येण्याची वाट पाहू नका. हॉलमार्कलाही तुम्ही आधी विरोध केला होता, आज त्याच्याच जाहिराती करता.

पुढच्या गुढीपाडव्याच्या आत तुमच्यापैकी एकाचे तरी उत्तर यावे. ‘अखत्यारीत नाही’ असेच असेल तर ते कुणाच्या अखत्यारीत आहे, त्या अधिकाऱ्याचे पद कळवावे. पुढचे पत्र थेट तिकडे पाठवीन.

आपला,
एका गलाईवाल्याचा पुतण्या,
तालुका खानापूर, जिल्हा सांगली